झाडं कशी उभी आहेत?

नकाशा समोर उलगडला, की ते आधी चष्मा काढून ठेवत आणि विचारत, "झाडं कशी उभी आहेत?" लांबी, वळणं, खर्च हे सारं त्यानंतर. असा एखादा माणूस आपणही पाहिला असेल.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या कचेरीत हिमाचलातल्या डोंगरी रस्त्यांची आखणी आणि अंदाजपत्रकं होतात. हा प्रश्न विचारणारे ते मूळचे साताऱ्याकडचे, आमच्याकडचे सर्वांत जुने सर्वेक्षक. मी गणिताची प्राध्यापकी सोडून चाळिशीनंतर या कामात आलो, म्हणून मला ते 'मास्तर' म्हणत.

माझी पहिली आखणी मी खुर्चीतून न उठता, संगणकावर केली. आधीच्या प्रस्तावापेक्षा रस्ता आखूड, पूल एक कमी, खर्चही कमी. साहेब खूश झाले. मंजुरीच्या बैठकीला चार दिवस उरले होते.

"मास्तर, चालून आलात?"

"उपग्रहाची चित्रं पाहिली, सर. उतार सौम्य आहे."

"चित्र बघताना धाप लागत नाही. चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या उतारावर पोहोचलो. हिरवागार, शांत. त्यांनी काठीने चीडवृक्षांचे, म्हणजे तिथल्या पाइनचे, बुंधे दाखवले. प्रत्येक बुंधा मुळाशी विळ्यासारखा वाकून मग वर गेलेला.

"जमीन सरकतेय. झाड दरवर्षी तोल सावरतंय. इथं रस्ता ठेवायचा? पक्का?"

मी मान हलवली. नाही.

बैठकीत ही गोष्ट तेच सांगतील, असं मी धरून चाललो होतो. बैठकीच्या दिवशी जिन्यात ते म्हणाले, "मी बोललो तर म्हातारा नेहमीसारखा अडवतोय म्हणतील. रेघ तुमची, तुम्हीच पुसा."

वर्गाबाहेर, चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी उभा राहिलो. माझी आखणी चुकली आहे, एवढं वाक्य कसंबसं पूर्ण केलं.

"पहले क्यों नहीं देखा, जी?" साहेबांनी विचारलं.

"बैठे-बैठे बनाया था, जी."

लांबचा मार्ग कायम झाला. माझी नोकरीही टिकली. बाहेर येताच ते म्हणाले, "आता झालात सर्व्हेवाले. चहा तुमच्याकडून."

पुढे त्यांचे गुडघे गेले. ते खाली जीपमध्ये बसत आणि मी वर पोहोचतो न पोहोचतो तोच फोन करत, "कशी उभी आहेत?"

गेल्या हिवाळ्यात ते वारले.

परवा एका नव्या उतारावर एकटाच चढलो. सगळी झाडं मुळापासून सरळ होती. हे कोणाला सांगावं ते कळेना. मी वळून खाली, जीपकडे पाहिलं.