आमची सुपर डबल गादी

चहाचा कप आधी खाली ठेवा. खरंच ठेवा. हे ऐकताना माझ्या सख्ख्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता, आणि ती एरवी माझ्या कुठल्याच बोलण्यावर हसत नाही. तर काय केलं मी? पूर्ण शुद्धीत, रीतसर अभ्यास वगैरे करून, आमच्या अख्ख्या घराची झोप घालवली!

आमची रेवा तेव्हा दहा महिन्यांची. क्रिबमध्ये, म्हणजे तिच्या कठड्याच्या छोट्या पलंगात, ठेवली की सगळ्या श्रूजबरी गावाला ऐकू जाईल असं रडायची, म्हणून आम्हां दोघांच्या मध्ये झोपायची. आणि अमेरिकन पलंग काय उंच असतो हो! गादीखाली गादी, तिच्याखाली पाय. शिडी तेवढी द्यायची बाकी. एका दुपारी मी जरा पाठ फिरवली आणि धप्प! खाली कार्पेट होतं, रेवाला काही झालं नाही. ती हसली. मी संध्याकाळपर्यंत रडले.

"पलंग जाणार," मी नवऱ्याला सांगितलं. "आपण जमिनीवर झोपायचं. जपानी फ्यूटनवर."

"फ्यूटन?" निखिल दचकलाच. "तो उघडमीट करायचा सोफा? अगं, शिकायला आलो तेव्हा दोन वर्षं त्याच्यावर काढलीत. माझी कंबर अजून त्याला शिव्या देते."

"तो अमेरिकन फ्यूटन. जपानी म्हणजे जमिनीवर पसरायची आणि सकाळी घडी घालून ठेवायची गादी."

"मग गादी म्हण ना!"

आता प्रश्न साइजचा. इथल्या साइजांवर माझा मुळातच विश्वास नाही. एकट्या माणसाच्या गादीला हे लोक 'ट्विन' म्हणतात. एकट्याला जुळं! आणि 'फुल' म्हणतात तिच्यावर दोघं झोपले की एकाचं निम्मं अंग बाहेर. त्यामुळे जपानी गाद्यांच्या साइटवर नुसती अक्षरं दिसली तेव्हा मला हायसं वाटलं. डी, एस आणि एसडी. डी म्हणजे डबल, एस म्हणजे सिंगल. आणि एसडी?

सांगा, सांगा! सुपर डबल! दुसरं काय असणार?

सेंटीमीटरही दिले होते, मी काही अगदीच ही नाही. एकशेवीस आणि दोनशेदहा. मी दोनशेदहाचे फूट केले. जवळजवळ सात! एकशेवीसचे करणार तेवढ्यात रेवा उठली. पण एक आकडा सात फूट निघाल्यावर दुसऱ्याला कोण विचारतं? मी तर मनातल्या मनात त्या गादीवर लोळायलाही लागले होते.

"एसडी म्हणजे काय गं?" निखिलनं विचारलं.

"सुपर डबल."

"असं कुठे लिहिलंय?"

"प्रत्येक गोष्ट लिहावी लागते का तुला?"

बिचारा भांडी घासायला गेला. लग्नं टिकतात ती अशी.

गादी यायच्या दिवशी सकाळीच मी पलंग देऊनही टाकला. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये नागपूरहून एक नवं जोडपं आलं होतं, अजून रजया अंथरून झोपत होतं. त्यातल्या मृणालचा विश्वासच बसेना.

"ताई, एवढा मोठा पलंग तुम्ही खरंच देऊन राहिल्या?"

"ने गं बिनधास्त. आमची सुपर डबल येतेय!"

पलंग गेला. दुपारी गादी आली. आवळून पॅक केलेली वळकटी. प्लास्टिक कापलं, फुस्स झालं, आम्ही ती पसरली. निखिलनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हा मधला भाग आहे का? बाजूचे नंतर येणार?"

"अरे, फुलायची आहे अजून! उघडल्यावर थोडा वेळ तशीच ठेवा, असं लिहिलंय."

आम्ही चहा घेऊन आलो. गादी फुलली होती. वरच्या दिशेनं. रुंदी तसूभर हलली नव्हती.

मग मला आठवलं, आपल्याकडे दबलेली गादी उन्हात टाकून बडवतात. मी ती बाल्कनीत नेली आणि लाटण्यानं बडवायला घेतली. खालून कुत्रा फिरवणाऱ्या शेजारच्या आजोबांनी वर पाहिलं. "सगळं ठीक आहे ना?"

"हो हो!" मी धापा टाकत ओरडले. "मोठी करतेय!"

त्यांनी कुत्र्याला उचललं आणि घरात गेले.

शेवटी कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड होती. "एसडी म्हणजे सेमी डबल, मॅम. जरा ऐसपैस झोपायला आवडतं अशा एका व्यक्तीसाठी."

"सेमी डबल," निखिल सावकाश म्हणाला. "म्हणजे डबलचं अर्धं. अगं, म्हणजे सिंगलच की!"

उघडलेली गादी परत घेत नव्हते. पलंग परत मागावा, तर मृणालनं त्यावर नवी चादर घालून फोटो पाठवला होता. खाली लाल बदाम. आता कुठल्या तोंडानं मागणार?

तर मंडळी, तिघं त्या चार फुटांवर. मध्ये रेवा, हातपाय चारी दिशांना. दोन्ही बाजूंना आम्ही, डब्यात करंज्या कडेवर उभ्या लावतात तसे. एक मात्र खरं, रेवा पडणं अशक्य होतं. पडायला जागाच नव्हती! मी किती निर्धास्त झोपले, काय सांगू!

उजाडता उजाडता रेवानं पोटात लाथ मारली. मी झोपेतच सरकले, आणि कार्पेटवर गडगडले. पलंग दिला होता, पण त्याच्या शेजारचं टेबल, चांगलं आहे म्हणून, ठेवून घेतलं होतं ना मी! त्याचा पाय थेट भुवईवर. लिंबाएवढं टेंगूळ! निखिलनं ऐकलंच नाही, सरळ अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेलं.

"काय झालं?" नर्सनं विचारलं.

"बिछान्यातून पडले."

"किती उंचावरून?"

"तीन इंच."

"तीन फूट?"

"इंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग निखिलकडे. मग त्याच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवणाऱ्या रेवाकडे. आणि अगदी मायेनं म्हणाली, "गादीला कठडा लावून घ्या. लहान मुलांसाठी मिळतो, तुम्हालाही चालेल. फक्त साइज बघून घ्या."

मी लगेच कठडा मागवायला पर्समधून फोन काढला. निखिलनं तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि रेवाला माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू आराम कर," तो म्हणाला. "सुपर आराम."