नाझरकाका आणि आबांचं वॉरंट

दिवाळी सरली की आमच्या घराला कुलूप लागायचं, ते पार पावसाळ्याच्या तोंडाला निघायचं. आबा आणि आई वीटभट्टीवर जायचे, कधी जिल्ह्याबाहेर, कधी राज्याबाहेर. मी मावशीकडे राहून शाळा केली, शिष्यवृत्तीवर कॉलेज केलं आणि पीएचडीला ग्रोनिंगनच्या डच विद्यापीठात आले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी लाजत सांगत नाही. प्रबंध देऊन झाल्यावर झुइडास या मोठमोठ्या ऑफिसांच्या भागात नोकरी लागली, हार्लेमला खोली घेतली. प्रबंधाचं जाहीर समर्थन काही महिन्यांवर होतं. इथे तो मोठा सोहळा असतो, घरचे लोक पुढे बसतात. आई गेली होती. आबांनी यावं, एवढंच मनात होतं.

नेमका त्यांचा पासपोर्ट अडकला. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे, असं पत्र आलं. ठाण्यातलं कुणीतरी तोंडी म्हणालं, तुझ्या नावावर वॉरंट आहे. कशाचं, ते सांगितलं नाही. मला हे सगळं मावशीकडून कळलं. आबा मला फोनवर म्हणाले, "मला न्हाई यायचं परदेशात. थंडी सोसायची न्हाई." जो माणूस जानेवारीत पहाटे चिखल तुडवायचा, त्याला थंडीचं भय? मला संशय आला, आणि खरं सांगते, तो आधी आबांवरच आला. हा माणूस वर्षातले सात महिने माझ्या डोळ्यांआड असायचा. तिकडे काय केलं असेल?

त्याच दिवसांत मला नाझरकाका भेटले. ते माझ्या ऑफिसातल्या शलाकाचे सासरे. तालुका कोर्टात जन्म घालवून नाझर म्हणून निवृत्त झालेले. नाझर म्हणजे बेलीफांचा वरिष्ठ, समन्स कुणाला पोचलं, कुणाला नाही, याचा हिशेब ठेवणारा. मुलाकडे हार्लेमला तीन महिने राहायला आले होते. त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता. नातवाच्या सायकलला त्यांनी तीन कुलपं लावली होती. खेमेन्तेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून पत्र आलं की ते खिडकीशी धरून उजेडात बघत. डच कळत नसे, पण शिक्का खरा की छापील, हे मात्र कळायलाच हवं. इथली माणसं खिडक्यांना पडदे लावत नाहीत, याचा तर त्यांना फार संशय. म्हणत, "एवढं उघडं ठेवतात म्हणजे मागच्या खोलीत नक्की काहीतरी आहे."

पहिली भेट एका मराठी मंडळाच्या जेवणात झाली. पुरणपोळी वाढून घेत असताना मागून आवाज आला, "ताई, गाव कुठलं तुमचं?"

मी सांगितलं.

"तालुका? आणि पूर्ण नाव?"

हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. नाव-गाव-आडनाव विचारत माणसं नेमकी कुठे पोचतात, ते मला माहीत आहे. मी तालुका आणि पूर्ण नाव सांगून ताट खाली ठेवलं. "काका, जात विचारायची असेल तर सरळ विचारा. आम्ही बौद्ध."

त्यांच्या कपाळावरची आठी हलली नाही. "जात घेऊन मी काय करू? तुमच्याकडे कोर्ट कुठलं लागतं ते विचारतोय."

मला हे अजिबात पटलं नाही. इतकी हुशार पळवाट मी पहिल्यांदाच ऐकली होती.

पुढच्या आठवड्यात डबा खाताना शलाका हसत म्हणाली, "आमच्या बाबांपासून जपून राहा हं. भेटलेल्या प्रत्येकाचं नाव ते कोर्टाच्या साइटवर टाकून बघतात. घरमालक, भटजी, नणंदेला सांगून आलेली स्थळं, कुणी सुटत नाही. आमच्या लग्नाआधी माझ्या वडिलांचंही टाकलं होतं."

मी डबा बंद केला. आपल्याकडे मुलीच्या पूर्ण नावात बापाचं नाव मधोमध बसलेलं असतं. मी स्वतःच्या तोंडानं आबांचं नाव आणि तालुका या माणसाला देऊन आले होते. संध्याकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेले. काका सोफ्यावर बसून सुपरमार्केटची पावती पिशवीतल्या वस्तूंशी ताडून बघत होते.

"माझ्या वडिलांचं नाव टाकलंत का तुम्ही?"

"टाकलं."

"काय निघालं?"

"जे निघालं ते त्यांचं आहे."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी पावती घडी घालून खिशात ठेवली. "समन्स ज्याच्या नावाचं त्याच्या हातात द्यायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवायचं नसतं. तुम्हाला ठाऊक आहे की नाही, मला काय माहीत? आता तुम्ही विचारायला आलात. बसा."

त्यांनी माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. सगळं मलाच करायला लावलं. राज्य, जिल्हा, मग तालुक्याचं कोर्ट. "वॉरंटची वेगळी यादी नसते. लोक तीच शोधत बसतात. केस शोधायची, आणि ती कुठल्या टप्प्यावर अडलीय ते बघायचं." पक्षकाराचं नाव टाकलं तर आबांच्या नावाची चार माणसं निघाली. मी पहिल्यावरच बोट ठेवलं, त्यात चोरीचं कलम होतं, आणि माझा चेहरा उतरला. काका म्हणाले, "घाई नको. नाव म्हणजे पुरावा नव्हे. पोलीस ठाणं बघ, गुन्हा नंबर बघ, दुसरा पक्षकार कोण ते बघ." कधी ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, मला कळलंही नाही.

तिसरी केस आमची निघाली. आमच्या गावचं ठाणं, फिर्यादी म्हणून शेजारच्या किसनमामांचं नाव, मारहाण आणि शिवीगाळ. टप्पा: अजामीनपात्र वॉरंट. सोळा वर्षांपासून.

"यात भिण्यासारखं काय आहे?" काका म्हणाले. "वॉरंट म्हणजे शिक्षा नाही. कोर्ट हाक मारतंय, माणूस येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि या साइटवरही फार विसंबू नकोस. संशय कागदावर घ्यावा आधी, मग माणसावर. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारीखवार नोंदींची, नक्कल काढायला सांग वडिलांना."

मी तिथूनच आबांना फोन लावला. कोर्टातला माणूस शेजारी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "कोर्टाचा? मग ठेव फोन. गोड बोलून पकडून देतेत ही लोकं." काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"राम राम. मी सात हजार किलोमीटरवर आहे, पकडायला हात पुरत नाही. किसनशी भांडण कशावरून झालं?"

आबा म्हणाले, "हापशावर. हंड्याचा नंबर होता. त्यानं ढकललं, मी ढकललं. पर मिटवलं हो आम्ही. ग्रामपंचायतीत चार माणसांदेखत मिटवलं. दोघं बसून च्या पिलो. पुढच्या तारखेला कशाला जायाचं मग?"

"चहा तुम्ही प्यालात," काका म्हणाले. "कोर्टाला कुठे पाजलात?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. गावानं मिटवलं म्हणजे मिटलं, असं आबा धरून चालले होते. आजही किसनमामा त्यांच्या शेजारीच राहतात, एकमेकांच्या घरी भाजी जाते. तिकडे कोर्टात मात्र ते दोघे सोळा वर्षं भांडत होते. वॉरंटचं ऐकल्यापासून आबांनी किसनमामांनाही काही सांगितलं नव्हतं, मलाही नाही. लेक शिकलेली, तिला कमीपणा नको, म्हणून.

महिनाभरानं वकिलामार्फत नक्कल निघाली. आबांनी फोटो पाठवले. काकांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. दरवर्षी वॉरंट निघालेलं, दरवर्षी एकच ओळ लिहून परत आलेलं: आरोपी गावी मिळून आला नाही. मी म्हटलं, "पावसाळ्यात ते कायम गावातच असायचे. एकदाही कुणी घरी आलं नाही."

"ही ओळ माझ्या ओळखीची आहे," काका म्हणाले. "समन्सावर आमचे बेलीफही एसटी स्टँडवर बसून हेच लिहून आणायचे. मला कळायचं. मी सही करायचो." मग चष्मा पुसत म्हणाले, "आता मी सगळ्यांवर संशय घेतो, असं घरचे म्हणतात. जेव्हा घ्यायला पाहिजे होता तेव्हा घेतला नाही, म्हणून घेतो."

त्यांच्याबद्दलचा माझा संशय त्या दिवशी गेला. पुढे काय करायचं ते त्यांनी आबांना फोनवर तीनदा घोकून दिलं: "धरून आणलेला आणि स्वतःच्या पायानं आलेला, दोघांकडे जजसाहेब एका नजरेनं बघत नाहीत. तुम्ही चालत जायचं. सकाळी अकराला. किसनलाही न्यायचं."

त्यांचा व्हिसा संपला आणि ते परत गेले. विमानतळावर त्यांनी बॅगेचं कुलूप चार वेळा ओढून बघितलं, मला म्हणाले, "वकील काय सांगतो त्यावर जाऊ नकोस, नोंद बघ." आबांच्या तारखेला ते स्वतः एसटीनं आमच्या तालुक्याला गेले, हे मला नंतर कळलं. आबा सांगत होते, "एक म्हातारा माणूस आला, मला कोर्टात पुढच्या बाकावर बसवलं, आन् म्हणाला, हाक आली की मोठ्यानं 'हजर' म्हणा." वॉरंट रद्द झालं. पुढच्या लोकअदालतीत किसनमामांनी तडजोड झाल्याचं सांगून सही केली. काका त्याही दिवशी कोर्टात हजर होते. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: "नोंद झाली. माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतः बघ." मी बघितलं.

त्या हिवाळ्यात काका वारले. शलाकानं ऑफिसात येऊन सांगितलं. झोपेतच गेले, म्हणाली. मी खालच्या मजल्यावर जाऊन आबांना फोन केला. बोलणं संपलं तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

आबांची केस निकाली निघाली. त्यांच्या नावावर आज कुठलंही वॉरंट नाही. त्यांना पासपोर्ट मिळाला, ते ग्रोनिंगनला आले, आणि मला डॉक्टरेट दिली गेली तेव्हा ते पहिल्या रांगेत बसले होते.