कुरडयांशेजारी वाळत घातलेल्या नळ्या

माशांच्या टाकीखालच्या, पाणी गाळणाऱ्या संपातल्या नळ्या मी सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतल्या आणि गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घातल्या. हा मूर्खपणा माझा एकटीचा, आणि करताना मी चक्क गुणगुणत होते. नातीला सांगितलं की ती खिदळते. मीही खिदळते, पण त्या चिकट घाणीची आठवण आली की अजून शिसारी येते.

हे निवृत्त झाले आणि देवळीच्या आमच्या घरात, बैठकीत, पलंगाएवढी काचेची टाकी आली. जुन्या लहान टाकीत यांचा एक ऑस्कर मासा होता. तळहाताहून मोठा, यांच्या बोटांतून दाणा घेणारा. माझ्याशी बोलले नसतील इतकं हे त्याच्याशी बोलत. सगळा थाट त्याच्यासाठी. नव्या टाकीखालच्या कपाटात दुसरी काचेची टाकी बसवली, तोच संप. वरचं पाणी पाइपातून खाली उतरायचं, स्पंजातून आणि चिनीमातीच्या पोकळ नळ्यांतून गाळून पुढे सरकायचं, शेवटच्या कप्प्यातली मोटर ते परत वर फेकायची. मासा मात्र लगेच सोडायचा नाही म्हणे. काही आठवडे नुसतं पाणी फिरवायचं आणि त्यात माशांचं खाणं टाकून सडू द्यायचं. घरात मुद्दाम काही सडवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"पाणी पिकून राह्यलं," हे कौतुकाने सांगत.

पिकतंय कसलं, कुजत होतं. कपाट उघडलं की तुंबलेल्या मोरीचा दर्प. स्पंजावर शेंबडासारखा तपकिरी थर, नळ्यांवर बुळबुळीत साय. आणि तेव्हाची मी म्हणजे बाई नव्हतेच, खराटा होते. पाहुण्याने पाय धुतलेत की नाही, हे त्याच्या टाचांकडे बघून ठरवणारी. हे बहिणीकडे पुलगावला गेले आणि मी पदर खोचला. नळ्या अशा उजळल्या की जणू नव्या कवळ्या. स्पंजही तसाच उकळून काढला, आणि सगळं वाळल्यावर होतं तसं रचून ताजं पाणी भरलं.

परत आल्यावर यांनी नितळ पाणी पाहिलं, खूश झाले आणि मासा सोडला. मी शेजारीच उभी होते. सांगायला हवं होतं. पण घर किती लख्ख ठेवतेस, असं हे नेमकं तेव्हाच म्हणाले, आणि ते मला गोड लागलं.

थोड्याच दिवसांत पाणी पेजेसारखं झालं. मासा वर येऊन तोंड वासायचा, दाण्याकडे बघायचाही नाही. हे ताट सोडून टाकीसमोर स्टुलावर बसून राहिले, तेव्हा माझ्या तोंडातून एकदाचं निघालं. हे रागावले नाहीत. हळू आवाजात एवढंच सांगितलं की त्या घाणीतच जिवंत जंतू होते, माशाच्या मुताचं विष तेच खात होते, आणि आता तो स्वतःच्याच मुतात गुदमरतोय. मग वर्ध्याच्या माशांच्या दुकानात फोन केला. उपाय एकच होता: तिथल्या जुन्या संपातला घाणेरडा स्पंज आणून आपल्या पाण्यात पिळायचा, आणि तोवर बादल्यांनी पाणी बदलत राहायचं. बादल्या यांच्या हातात होत्या. स्पंजासाठी मी निघाले.

परतीच्या एसटीत ती थबथबलेली पिशवी माझ्या मांडीवर होती. गाळाचा वास असा सुटला की शेजारची बाई आधी पिशवीकडे, मग माझ्याकडे बघून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी तिच्या जागी असते तर बसमधूनच उतरले असते. घरी येऊन बाह्या सारल्या आणि तो स्पंज या हातांनी संपात पिळला. बोटांच्या फटींतून काळपट चिखल ओघळला, काहीतरी गिळगिळीत नखांत शिरलं. तरी मी पिळत राहिले. नंतर कित्येक दिवस मी वरण-भात चमच्याने खाल्ला.

मासा बरेच दिवस तसाच लटकला होता. मग एका सकाळी तो खाली उतरला, काचेपाशी आला आणि त्याने यांच्या बोटांतला दाणा ओढला. यांनी हात पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे धड बघितलं आणि म्हणाले,

"डाक्टर म्हनते, मानसाच्या पोटातबी असेच जंतू राह्यते, त्याहीच्यानंच अन्न पचते. मी झोपलो का मले नको धुजो वं."