आधी गंज, मग तेल

घड्याळजींचा हात थरथरू लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, "मेंदूत डोपामिन कमी पडतंय. या गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. अचानक बंद केल्या तर ताप चढून अंग ताठ होतं, जिवावर बेततं."

"आणि व्हिटॅमिन सी?"

"डोपामिन बनवणाऱ्या पेशींना ते गंजण्यापासून वाचवतं म्हणा ना. खुशाल घ्या, पण या गोळ्यांच्या जोडीला."

घड्याळजींच्या डोक्यात मात्र गंज तेवढा बसला. गंजलेल्या चक्रावर तेल सोडलं की ते आणखीच चिकटतं, आधी गंज काढायचा, मग तेल, हे घड्याळदुरुस्तीतलं चाळीस वर्षांचं ज्ञान. म्हणून त्यांनी डोपामिनच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवायचं ठरवलं आणि नुसत्या व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या चघळायला घेतल्या. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. उगाच कटकट नको.

चौथ्या दिवशी सकाळी ते दुकानातल्या खुर्चीतून उठेचनात.

"अहो, रुसलात की काय?" बायको हसत जवळ आली आणि हात लावताच दचकली. अंग तव्यासारखं तापलेलं, दंड लाकडासारखे ताठ. तिने घाईघाईने डॉक्टरीणबाईंना फोन लावून ताप चढल्याचं सांगितलं.

पलीकडून पहिला प्रश्न आला, "गोळ्या बंद तर नाही ना केल्या?"

"छे हो! घड्याळ लावून घेतात. त्या बाबतीत त्यांना नाव ठेवायला जागा नाही!"

घड्याळजींना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी जीव एकवटून तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण जबडा हलला नाही.

"मग बहुधा साधा ताप असेल," फोनमधून आवाज आला. "संध्याकाळपर्यंत वाट बघा."