एक जूनच्या मुली

रेणापूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या मुली एकाच दिवशी जन्मल्या होत्या, एक जूनला. त्यात चमत्कार काही नव्हता. आमच्याकडे जन्मतारीख लिहून ठेवतं कोण? आईला विचारलं की ती म्हणायची, "हुरडा चालू होता बघ." हुरडा काही दाखल्यावर लिहिता येत नाही. म्हणून गुरुजी सरसकट एक जून टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा पोरगी बरोबर सहा वर्षांची भरायची. ही तारीख पुढे आमच्या अख्ख्या संघाच्या अंगाशी येईल, हे गुरुजींच्या स्वप्नातही नसेल.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. त्याआधी आमच्या मुली जुन्या जिल्ह्याच्या खोखो संघात असायच्या, म्हणजे राखीव म्हणून बसायच्या आणि खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळायच्या. आता पहिल्यांदाच नव्या जिल्ह्याच्या नावानं सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ नांदेडला सामन्यांना जाणार होता, आणि बारापैकी नऊ मुली आमच्या शाळेच्या, त्याही बहिणीच्याच वर्गातल्या होत्या.

साल दुष्काळाचं. प्यायला पाणी नाही, तिथं मैदानावर कोण मारणार? मग प्रत्येक मुलगी भांडी विसळलेलं पाणी घरून कळशीत घेऊन यायची आणि खांबाजवळ शिंपडायची. तेवढीच जागा जरा मऊ. बाकी कुठंही सूर मारला की गुडघा सोलून निघायचा. त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीच्या गुडघ्यांवर धड कातडी राहिली नव्हती. तरी ती थांबेना. सामने मेच्या अखेरीस होते आणि एक जूनला तिला कागदोपत्री सतरा वर्षं पूर्ण होणार होती. मग हा गट तिला कायमचा बंद. एकच संधी होती, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा नांदेडला मावशीकडे राहून कंप्युटरचा क्लास करत होते. क्लास कापडाच्या दुकानावरच्या माडीत होता. आत जाताना देवळात काढतात तशा चपला बाहेर काढायच्या, कारण मशीनला धूळ चालत नसे. सामन्यांचे मुख्य अधिकारी हौशी गृहस्थ. 'यंदा पात्रतेची यादी कंप्युटर काढणार' असं त्यांनी सगळीकडे सांगितलं आणि ते काम आमच्या सरांकडे आलं. जन्मतारखा मी भरल्या, प्रोग्राम सरांनी लिहिला.

सामन्यांच्या आदल्या दिवशी यादी छापून निघाली. आमच्या नऊ मुलींपुढे एकाखाली एक 'अपात्र'.

संघ त्याच दुपारी एस.टी.नं येऊन पोचला. बहीण क्लासच्या जिन्याखाली उभी होती. मी यादी दाखवली. ती ओरडली नाही, रडलीही नाही. नुसती गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "अक्का, आमी उगंच सोलून घेतलं का मग?"

माझं डोकं आधीच लवकर तापतं. घरी मला तवा म्हणायचे. मी तडक वर गेले आणि सरांना म्हणाले, "यादी चुकलीय."

"कंप्युटर चुकत नसतो," सर म्हणाले.

"कंप्युटर नसेल. त्याला शिकवणारा चुकत असेल." बोलून गेले आणि जीभ चावली. पण सर रागावून चहाला निघून गेले, ते बरंच झालं. खुर्ची मोकळी झाली.

प्रोग्राम उघडला. सामन्याच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची, येतील तेवढ्या दिवसांना तीनशे पासष्टनं भागायचं. आलं ते वय. वाचताना काही वावगं दिसेना. मग समोरच्या कॅलेंडरवर नजर गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फेब्रुवारी! या मुलींच्या आयुष्यात चार वेळा फेब्रुवारी एका दिवसानं वाढला होता, आणि सरांच्या भागाकाराला त्याचा पत्ताच नव्हता. ते चार दिवस जास्तीचे धरून मशीननं मुलींना चार दिवस आधीच सतरा वर्षांच्या करून टाकलं होतं. चूक सगळ्यांच्याच वयात होती. पण ज्यांचा वाढदिवस लांब होता त्यांना ती बाधली नाही. आमच्या नऊजणी मात्र नेमक्या उंबऱ्यावर, सतराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस अलीकडे उभ्या होत्या.

तेवढ्यात सर परत आले, आणि मागोमाग यादी न्यायला सामन्यांचे ते हौशी अधिकारी, म्हणजे साहेब. मी सगळं सांगितलं. साहेब हसले. "पोरी, मशीन काय खोटं बोलून राहिली का? हाव, तुझी बहीण हाय म्हणं त्यात. म्हणून तुला कळवळा."

साहेब रिटायर व्हायला आले होते. सत्कार कुठं, शाल कुठल्या रंगाची, हे ते भेटेल त्याला सांगत. मी म्हटलं, "साहेब, तुमची जन्मतारीख सांगा."

"नऊ जून. येत्या नऊला अठ्ठावन्न भरतात, अन् जूनअखेर आपण मोकळे. का गं?"

मी तारीख टाकली. पडद्यावर हिरवे आकडे उमटले. "साहेब, मशीन म्हणतंय तुमची अठ्ठावन्न मेमध्येच भरली. म्हणजे तुम्ही याच महिनाअखेर घरी. जूनचा पगार नाही."

साहेब खुर्चीतून उठलेच. "न्हाई म्हंजे? असं कसं? माझी तारीख अजून यायची हाय की!"

"तेच म्हणतेय मी. त्यांचीही यायचीय."

मग साहेबांनी सरांकडे वळून फर्मावलं, "सर, हे मशीन लई घाईचं हाय. नीट करा."

सरांनी मुकाट्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. हा त्यांचा मोठेपणा, तो मी विसरलेले नाही. मी भागाकार काढून टाकला. सालातून साल वजा करायचं आणि मग मशीनला एवढंच विचारायचं: यंदाचा वाढदिवस आला का? नसेल आला तर एक कमी कर. प्रिंटर किरकिरत चालू झाला. पात्र. पात्र. पात्र. नऊच्या नऊ! मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. खाली गेल्यावर कळलं, चपला वरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर टँकरनं पाणी मारलं होतं. बहीण आत पाऊल टाकून थबकली. "अक्का, कित्ती मऊ हाय गं!" अंतिम सामना जुन्या जिल्ह्याशीच पडला. ज्यांच्या चपला सांभाळल्या, त्यांच्याच शेवटच्या खेळाडूला तिनं खांबावरून सूर मारून टिपलं. भोंग्यावर 'लातूर जिल्हा विजयी' ऐकू आलं तेव्हा मी एवढी ओरडले की पुढचे दोन दिवस आवाज बसला. ढाल देऊन खाली उतरताना साहेब माझ्यापाशी थांबले. "बाई, आपला जूनचा पगार पक्का ना?"

"पक्का, साहेब."

एक जूनला आम्ही रेणापूरला होतो. नऊ मुली एका दमात सतरा वर्षांच्या झाल्या. संध्याकाळी बघते तर बहीण कळशीत भांड्यांचं पाणी भरून मैदानाकडे निघालेली.

"आता कशाला? तुझा गट संपला की."

"धाकट्या पोरी खेळून राहिल्यात ना," ती म्हणाली. "त्यांचीबी एक जूनच हाय."