कनातीची वाटणी

आमच्या घराची वाटणी जेमतेम एक दुपार टिकली.

तोवर कर्जतमध्ये भावाभावांत कुरबूर झाली की लोक आदर्श म्हणून आमच्या घराकडे बोट दाखवायचे. वडील गेल्यावर दादाने मला वाढवलं आणि त्यांचा मांडव, गॅसबत्त्या, लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदाही. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या लग्नसराईत तो इतका चालला की आम्हाला पहिल्यांदाच इन्कमटॅक्स लागू झाला. दादाला यात मोठा मान वाटला. तो चार लोकांत सांगत फिरला. मला मात्र नगरच्या कॉलेजात कॉमर्स शिकल्याचं (दोन वर्षं, मग कॉलेज आणि मी दोघेही कंटाळलो) सार्थक करायचं होतं.

नगरहून मी अक्कल आणली ती अशी : एकत्र कुटुंब म्हणजे सरकारच्या लेखी एकच माणूस. वाटणी झाली की माणसं दोन, सूटही दोघांना, आणि कर जवळपास गायब. राहायचं एकत्रच, फक्त कागदावर वेगळं व्हायचं! अकलेबरोबर स्टॅम्पपेपरही आणला होता. तो दादापुढे ठेवला.

दादाने तो वाचलाच नाही. बराच वेळ गॅसबत्ती पुसत बसला. मग म्हणाला, "तुला येगळं व्हायचं असंल तर तसं सांग की. सरकारला कशाला मधी घालतो?"

मी त्याला कायदा समजावला, फायदा समजावला. त्याने मान डोलावली, सही केली आणि त्या दिवसापासून माझ्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलू लागला. "जेवून घ्या," म्हणायचा. सख्खा भाऊ मला अहो-जाहो करत होता, आणि मी मनात सूट मोजत होतो.

मालाची वाटणी मी जातीने केली, तीही समसमान. लाऊडस्पीकरचे कर्णे मला, मशीन दादाला. गॅसबत्त्या दादाला, रॉकेलचे डबे मला. म्हणजे वेगळे झालो तर दोघांपैकी कोणालाच उजेड पाडता येणार नव्हता.

मग खात्याकडून कळलं की वाटणी खरी आहे का, हे पाहायला इन्स्पेक्टरसाहेब घरी येणार. आता आली पंचाईत! वेगळं घर हवं, वेगळी चूल हवी. भिंत घालायला वेळ नव्हता. पण मांडववाल्याला भिंत कशाला लागते? मी लाल-पिवळी कनात काढली आणि ओसरीपासून परसापर्यंत घराच्या मधोमध ताणली. दादा मदतीला आला नाही. जाता जाता मात्र माझी गाठ सोडून स्वतःची मारून गेला. सैल कनात त्याला कोणाच्याच घरात बघवत नसे.

मी एक गोष्ट विसरलो होतो. कर्जतच्या लोकांनी आमची कनात आजवर फक्त लग्नात पाहिली होती. ओसरीवर ती झळकलेली दिसताच माझं लग्न ठरल्याची बातमी गल्लीत फिरली आणि शेजारच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन मदतीला हजर झाल्या. इन्स्पेक्टरसाहेब आले ते त्यांच्या घोळक्यातून वाट काढत.

"लग्न कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"लगीन न्हाई, वाटनी हाय," वहिनी म्हणाली.

बायकांनी पोळपाट खाली ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला.

साहेब माझ्या बाजूला आले. तिथे तीन दगडांच्या चुलीवर मी आयुष्यातली पहिली भाकरी भाजत होतो. एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. रोज इथेच जेवता का, असं त्यांनी विचारलं. धुराने डोळे गळत असताना मी हो म्हणालो. (त्यांना बहुधा ते वाटणीचं दुःख वाटलं असावं.)

तेवढ्यात कनातीखालून बांगड्यांचा हात आला. हातात ताट, ताटात गरम भाकरी, पिठलं आणि ठेचा. मागून वहिनीचा आवाज : "भावजी, ती करपल्याली खाऊ नका. पोट धरून बसाल मग."

साहेबांनी कनात उचलली. पलीकडे दादा भरल्या ताटावर हात बांधून बसला होता.

"तुम्ही का जेवत नाही?" साहेब म्हणाले.

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "त्यो बसल्याबिगर मी बसत न्हाई, सायेब. आजवर कवाच न्हाई बसलो."

साहेबांनी कागद पिशवीत घातले. "ही वाटणी मला मान्य करता येणार नाही," म्हणाले.

सरकारचा मी इतका आभारी त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. दादाने एका झटक्यात स्वतःचीच गाठ सोडली, कनात भुईवर पडली आणि तो माझ्यावर खेकसला, "बघत काय ऱ्हायला रं? आन ताट हिकडं." ते 'रं' ऐकून माझे डोळे पुन्हा गळू लागले, आणि आता धुराचं निमित्तही उरलं नव्हतं. साहेबांनाही वहिनीने आग्रहाने जेवायला बसवलं. पोळपाटवाल्या बायकांनी भाकऱ्या थापल्या. असा भाऊ आणि अशी वहिनी ज्याला मिळाली, त्याने सूट कशाची मागावी?

कर आम्ही पुरता भरला. शिवाय दादाने माझ्याकडून कनातीचं एका दिवसाचं भाडं वसूल केलं आणि ते इमानदारीने धंद्याच्या उत्पन्नात दाखवलं. कर वाचवायला निघून तो वाढवून आणणारा आमच्या तालुक्यात तरी मी एकटाच.