गुरूच्या चंद्रावरची आग

निपाणीला ऑफिसात फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होतो. वडगावहून आमच्या घराशेजारच्या काकू बोलत होत्या. आक्का गेली... महिना उलटला, तरी ते दोन शब्द मला अजून पुरते कळलेले नाहीत.

आक्का माझी थोरली बहीण, मुलींच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. आप्पा, आमचे वडील, हातमागावर साड्या विणायचे, सूतही घरीच रंगवायचे. एकोणऐंशी साली पेपरात बातमी आली की, गुरूजवळून गेलेल्या यानाला त्याच्या आयो नावाच्या चंद्रावर जिवंत ज्वालामुखी दिसले. आक्कानं आप्पांकडून वाटीभर पिवळा नि लाल रंग मागून घेतला आणि मोठ्या कागदावर आयो काढला... गंधकानं पिवळा पडलेला, कडेला छत्रीसारखा उसळलेला फवारा. गुरूची ओढ कमीजास्त होत त्याला सारखी दाबते-ताणते, त्यानं पोटात आग होते, हे सांगताना ती तार भराभर वाकवायची आणि तापलेली तार मुलींच्या बोटाला लावायची. तिथं नवा लाव्हा पसरतच राहतो, म्हणून उल्कांचे जुने खड्डे उरत नाहीत. मग येळ्ळूरच्या गडावर नेऊन काळा दगड हातात द्यायची. आपली जमीनही अशाच लाव्ह्याची, म्हणायची.

तपासणीला आलेल्या साहेबांना वर्गाच्या भिंतीवरचा तो कागद खटकला. पुस्तकात पृथ्वीखेरीज कुठल्या जिवंत ज्वालामुखीचं नाव नव्हतं. कागद उतरवा, असं त्यांनी भर वर्गात सुनावलं. आक्का तशी भित्री, बसच्या कंडक्टरशी बोलायलाही मला पुढं करायची. पण त्या दिवशी म्हणाली, "साहेब, पुस्तक आधी छापलंय, हे नंतर दिसलंय. मुलींना खोटं कसं सांगू?"

तिची नोकरी कायम व्हायची दोन वर्षं लांबली. कारण मला बाहेरून कळलं. विचारलं, तर एवढंच म्हणाली, "कागद न्हाय उतरवला रं मी."

पुढं नव्या पुस्तकात आयोवर दोन ओळी आल्या. तिनं त्या घरी वाचून दाखवल्या, तेव्हा आप्पांनी माग थांबवून दोनदा ऐकल्या.

परवा संध्याकाळी आप्पा माझा हात धरून अंगणात आले. आताशा त्यांना धड दिसत नाही. गुरू आभाळात असला की आक्का त्यांना रोज असंच बाहेर आणायची, हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या ठिपक्याकडं वळवलं.

"आन् आग?" त्यांनी विचारलं.

"ती हितनं दिसत न्हाय, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले, "ती पन असंच सांगायची." बोट मात्र त्यांनी बराच वेळ खाली घेतलं नाही.